दाजींची नाव डावीकडे वळत नाही

माझे थोरले साडू, ज्यांना बायकोच्या देखादेखी मीही दाजीच म्हणतो, त्यांच्याइतका रागीट माणूस टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंत दुसरा नसेल. फोन उचलला नाही तर त्यांना राग येतो, आणि पहिल्याच रिंगला उचलला तर 'फोन धरूनच बसला होता व्हय' म्हणून येतो. पण हे किरकोळ राग झाले. खरा, मुरलेला राग त्यांनी राखून ठेवला आहे तो एका कॉम्प्युटरवरच्या खेळाला हसणाऱ्यांसाठी.

मुलीच्या अभ्यासासाठी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यातच हा खेळ आला. मुलगी शिकून नोकरीला लागली, दाजी अजून खेळातच आहेत. कुणा एकट्या माणसाने घरी बसून केलेला, बाजारात कुणी न विचारलेला खेळ. एक नावाडी, एक नदी आणि काठावर ताटकळलेली माणसं, पोती, शेळ्या. त्यांना पलीकडे पोचवायचं, एवढंच. नदी निळ्या ताडपत्रीसारखी दिसते. माणसांना नाकं नाहीत. शेळी कधीकधी नावेच्या तळातून निसटते आणि पाण्यावर तशीच उभी राहते. आणि नाव डावीकडे वळत नाही. वळवली की खेळ अडकतो, म्हणून तीनदा उजवीकडे वळून डावीकडे जायचं. ही युक्ती दाजींनी स्वतः शोधली. टॉवेलच्या कारखान्यात ते तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालते करणारे, त्यामुळे अडकलेल्या वस्तूवर त्यांचा जीव पटकन बसतो. नदीचा नकाशा त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर काढला आहे आणि बिननाकाच्या प्रत्येक उतारूला नाव दिलं आहे. त्यातल्या एका जाड बाईला ते केमची आत्या म्हणतात. हे कळल्यावर खरी केमची आत्या वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती.

पाण्यावर उभी राहिलेली शेळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसलो. दाजींनी चष्मा काढला. "हसायचं आसंल तर भायेर जाऊन हसा, पाव्हणं." अक्कांनी केलेले पोहे मला पायरीवर बसून खावे लागले. मोहोळच्या एका लग्नात नवरदेवाच्या मित्राने पंगतीत मोबाइल पुढे केला आणि सांगितलं, आता असे खेळ निघालेत की पाणी अगदी खरं वाटतं. दाजी भरल्या ताटावरून उठले. "खरं पाणी बघायला हिप्परग्याचा तलाव हाय की. तितं जा." आम्ही त्यांना स्टँडवरून समजावून परत आणेपर्यंत जिलेबी संपली होती. त्याचाही राग आमच्यावरच निघाला.

पण खरा भडका उडाला तो गेल्या वर्षी. जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. आत काहीच उरलं नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. मुलीने, शुभांगीने, नवा लॅपटॉप आणला आणि त्यात तोच खेळ घालून दिला. खेळ करणाऱ्याने इतक्या वर्षांनी सगळे दोष काढून तो पुन्हा नेटवर ठेवला होता. दाजींनी नाव डावीकडे वळवली. ती वळली. पुन्हा वळवली, पुन्हा वळली. शेळी नावेत शहाण्यासारखी उभी. दाजींनी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा. खेळाच्या शेवटी त्या माणसाचा ईमेल दिलेला होता. "लिहा," दाजी म्हणाले. "तुला कुणी सांगितलं हुतं दुरुस्त करायला? प्रत्येक मागाची खोड येगळी आसती. ती ज्याला ठावं, त्याच्याच हाताखाली त्यो चालतो. मग कारखान्यात नवी यंत्रं आली. बटण दाबलं की चालत्यात, कुणीबी दाबावं. आमाला घरी बसवलं. आता तूबी तेच केलंस." आवाज इतका चढला की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत गेली.

मी पत्राच्या सुरुवातीला आदरपूर्वक नमस्कार घातला होता. दाजींनी सगळं मला मराठीत वाचायला लावलं. "मी शिव्या घालतोय आन् तुमी नमस्कार? काडा त्यो."

"तुमच्या शिव्यांचं इंग्रजी माझ्याकडून व्हायचं नाही," मीही चिडून म्हणालो.

"मग शाळेत शिकवता तरी काय?"

नमस्कार निघाला.

पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी उत्तर आलं, तेही तितकंच संतापलेलं. कुठल्याशा थंड देशात एकटाच राहणारा म्हातारा माणूस होता. 'ते डावं वळण ही माझ्या आयुष्यातली लाज आहे,' त्याने लिहिलं होतं. 'ती घालवायला मला सहा महिने लागले. जुना खेळ मी कुणालाही देणार नाही. तुम्ही कोण मला सांगणारे?' मी घाबरत वाचून दाखवलं. दाजी खुर्चीत सरळ झाले. "माणूस बरा हाय," ते म्हणाले. "लिहा."

पुढे तीन महिने, दर रविवारी, ही दोन माणसं माझ्या तोंडून भांडली. दाजींना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मग एक छोटं पत्र आलं. जुना खेळ सोबत जोडला होता. 'डॉक्टरांनी मला चिडायला मनाई केली आहे. हा घ्या आणि भांडण मिटवा. या खेळाबद्दल मला पत्र लिहिणारे तुम्ही एकटेच.'

"आजारी हाय तर सहा महिनं दुरुस्त्या कशाला करत बसला?" दाजी कडाडले. बराच वेळ त्याला बोल लावत राहिले. मग हळूच म्हणाले, "काय झालंय त्ये इचारा. सैपाक कोण करून घालतं, तेबी इचारा."

मी विचारलं. त्याला पाच महिने झाले. उत्तर नाही.

शुभांगीने जुना खेळ लॅपटॉपवर चालू करून दिला आहे. दाजी खेळतात, पण रविवारी माझ्याकडे येणं त्यांनी सोडलेलं नाही. "आलं का?" एवढंच विचारतात. गेल्या खेपेला मी म्हणालो, पुन्हा एक पत्र टाकू या.

"नगं," ते म्हणाले. "चिडलाय त्यो माज्यावर. मी लई बोललो त्याला. राग उतरला की लिहील."

"लिहील की, दाजी," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि चपला घालायला उठले.