बॉल परत घेण्याची नोकरी

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात बाबा "आमचा मुलगा मॅनेजर आहे" असं सांगतात आणि कुठे, हे कोणी विचारायच्या आत विषय बदलतात. त्यांचं तरी काय चुकतं? डॉक्टर-इंजिनियरांच्या त्या घोळक्यात कसं सांगणार, की मुलगा बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा होता, खांदा कामातून गेला, मोठ्या लीगचं तोंडही न बघता खेळ संपला आणि आता तो खालच्या, मायनर लीगच्या पोरांना घेऊन बसने गावोगाव हिंडतो. त्यात मॅनेजर नावापुरताच. कोणी किती खेळायचं ते आमची मालक असलेल्या मोठ्या टीमचं ऑफिस फोनवर कळवतं. मी फक्त मैदानातल्या मातीच्या उंचवट्यापर्यंत चालत जायचं आणि पिचरपुढे हात पसरायचा. तो बॉल हातावर ठेवतो आणि मैदानाबाहेर जातो, त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. खेळत होतो तेव्हा त्या पसरलेल्या हाताचा मला मनस्वी संताप यायचा. अजूनही येतो, फक्त आता हात माझा असतो.

मी खेळत होतो तोवर बाबांना कधी सवड झाली नाही. रिटायर झाल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, ते एका दुपारच्या मॅचला आले. सोबत बेसनाचे लाडू. बसले ते आमच्या खेळाडूंच्या बाकामागेच, आमच्या पिचरच्या बायकोशेजारी. तिचा नवरा तिशी ओलांडलेला, मोठ्या लीगची आशा जवळजवळ सोडलेला. पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. पाच डाव झाले तरी समोरच्यांना एकही हिट, म्हणजे पळता येईल असा फटका, मारता आली नव्हती. असे नऊ डाव काढले की पिचरचं सोनं होतं. क्रिकेटमध्ये एकट्याने दहाच्या दहा विकेट काढाव्यात, तसं. मात्र हे चालू असताना त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही, पिचरजवळ बसायचंसुद्धा नाही, असा आमच्यात अलिखित कायदा आहे. दृष्ट लागते म्हणे.

बाबा जन्मभर दृष्टबिष्ट न मानणारे. त्यांनी लाडू पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स. युअर हजबंड, स्टिल नो हिट." बाकावरची सगळी डोकी गर्रकन मागे वळली. ती बिचारी लाडू हातात धरून तशीच बसून राहिली.

सातव्या डावात त्याला ठरवून दिलेले बॉल संपले. मी चालत गेलो, हात पसरला. प्रेक्षक मला शिव्या घालत होते. त्याने बॉल दिला आणि तो गेला. त्याच्या जागी ऑफिसने महागात आणलेला नवा पिचर आला आणि त्याच्या पहिल्याच बॉलवर हिट बसली. टीमने खापर फोडलं बाबांवर, म्हाताऱ्याने दृष्ट लावली म्हणून. मी ते फोडू दिलं. मॅचनंतर आमच्या त्या तिशीतल्या पिचरला बोलावून टीममधून काढल्याचं सांगितलं. तेही कामात येतं.

"मी बोललो म्हणून गेलं का रे त्याचं?" गाडीत बाबांनी विचारलं. इतका पडेल आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

"नाही बाबा. सकाळीच वरून कॉल आला होता. किती बॉलनंतर बाहेर काढायचं, मग घरी पाठवायचं, सगळं डिसाइड झालेलं. त्याने काहीही केलं असतं तरी चेंज होणार नव्हतं."

बाबा बाहेरची मक्याची शेतं बघत होते, ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सकाळीच माहीत होतं? मग सकाळीच सांगायचंस ना त्याला."

"सकाळी सांगितलं तर बॉल कोण टाकणार?"

मला टीममधून काढलं तेव्हा माझ्या मॅनेजरने मला हेच ऐकवलं होतं, आणि त्या माणसाला मरेपर्यंत माफ करणार नाही, असं मी फोनवर रडत बाबांनाच सांगितलं होतं. त्यांना ते आठवलं असणार.