फ्रीजमधला प्रार्थनाकीटक

मंडळी, सकाळचा तो प्रार्थनाकीटकाचा फोटो मी आत्ताच इथून काढून टाकला. काहून, ते सांगतो.

लामता गावच्या धानाच्या शेतात, धुऱ्याच्या बांधावर तो पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून माशीवर टपून बसला होता. लेन्स जवळ नेली की सरकायचा. मले चीड आली. डब्ब्यात टाकून बालाघाटले घरी आणला. थंडीनं सुस्त झाला की फोटो चांगला येते, म्हणून बरेच जण फ्रीजमध्ये ठेवतात. मले घाई होती, मी थेट बर्फाच्या खणात ठेवला. तेवढ्यात फोन आला अन् मी बोलतच राह्यलो.

डब्बा बायकोनं काढला. "अहो, हे हालून नाही राह्यलं!"

मी काय केलं? त्याले गुलाबाच्या पानावर बसवलं, टाचणीनं पाय नीट जुळवले अन् धडाधड फोटो काढले.

"मेल्यावरही सोडत नाही का त्याले?" एवढंच बोलून ती आत गेली.

फोटोखाली तुम्ही लिहिलं, 'भाऊ, किती संयम लागला असन!' मी हात जोडून 'धन्यवाद' टाकलं.

डब्बा अजून ओट्यावरच हाये. तुमची माफी इथंच मागून घेतो. त्याची कोणापाशी मागू?