आधीच मारून ठेवलेली टिक

वहिनीच्या घरच्या कॉम्प्युटरची वाट मी लावली, हे आधीच कबूल करतो. मला फक्त एका पत्राची पीडीएफ करायची होती. एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं आणि ते जे विचारेल त्याला भल्या माणसासारखा ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलो. पीडीएफ झाली नाही ती नाहीच. ब्राउझर उघडला तर वर एकाखाली एक तीन पट्ट्या, कोपऱ्यात हवामान सांगणारा पोपट, आणि काहीही शोधलं तरी समोर टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात. त्या पट्ट्यांनी मला इतक्या लवकर कसं ओळखलं, कोण जाणे.

वहिनी ऑफिसातून आली. पर्स खांद्यालाच होती. पडद्याकडे पाहून तिचा चेहरा असा काही लाल झाला, की मी मुकाट्याने खुर्ची सोडली.

“भाऊजी, टिक काढली नाहीत?”

“कुठली टिक?”

“तेच! माणूस ‘कुठली टिक’ असंच विचारणार. दिसेल अशी ठेवतील तर ना, मेले!”

मी दादाकडे पाहिलं. “तुझ्यावर नाही रे,” तो हळूच म्हणाला. “कालपासून हेच चाललंय. सकाळी चहाचं पातेलं असं आपटलं, की मीच उगाच सॉरी म्हणालो.”

वहिनीची कंपनी अकरा माणसांची. दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर करते. पेशंटच्या वेळा, एक्स-रे वगैरे. ते दवाखान्यातल्या विंडोजवर नीट उतरावं म्हणून सेटअप बांधायचं काम अठरा वर्षं वहिनीचं. एकट्या सॉफ्टवेअरचं भागत नाही. एक्स-रे दाखवणारा भाग दुसऱ्या कंपनीचा, छपाईचा तिसरीचा. तेही सोबत बांधून न्यावे लागतात. तिथे वहिनीचा नियम कडक. आपला भाग ठेवण्याआधी तो तिथे आधीपासून आहे का बघायचं, त्याहून नवा असेल तर हात लावायचा नाही, आणि निघताना, म्हणजे कुणी सॉफ्टवेअर काढून टाकलं की, आपण आणलेलं तेवढंच, पण सगळं, उचलून न्यायचं.

हा नियम तिला एका चुकीने शिकवला. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या सेटअपने एका दवाखान्यात छपाईच्या नव्या भागावर जुना भाग नेऊन बसवला. त्याच कॉम्प्युटरवर कवळ्यांच्या डब्यांना चिकटवायची लेबलं छापली जायची, ती छापेनात. कुणीतरी घाईत हाताने नावं लिहिली आणि दोन आजोबांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. वहिनी स्वतः दोघांच्या घरी जाऊन माफी मागून आली. एकांनी माफ केलं. दुसऱ्यांचं काय म्हणणं होतं, ते कवळीमुळे कळलं नाही.

तर आता साहेबांनी एका जाहिरातवाल्या कंपनीकडून पैसे घेऊन ‘शोध-सोबती’ नावाचं असंच पट्टीवालं काहीतरी आणलं होतं. हुकूम असा: पुढच्या सेटअपमध्ये हे घालायचं, ‘हेही हवं’ या चौकोनात टिक आपणच मारून ठेवायची, आणि ती ‘अॅडव्हान्स्ड’ नावाच्या बटणामागे दडवायची. वहिनीने ते आधी कोऱ्या मशीनवर घालून पाहिलं. म्हणजे नुसतं विंडोज असलेला, चाचणीपुरता ठेवलेला कॉम्प्युटर. मग सगळं काढून टाकलं. कंपनीचं सॉफ्टवेअर निमूट निघून गेलं. शोध-सोबती ठाण मांडून बसला, आणि मशीन चालू केलं की सगळ्यांत आधी तोच उठायचा.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये काय झालं, ते तिने आम्हाला संध्याकाळी उभ्याउभ्या करून दाखवलं, साहेबांच्या आवाजासकट.

“मॅडम, सगळेच करतात.”

“सगळेच करतात म्हणून तर माझ्या घरी पोपट येऊन बसलाय, सर.”

“अहो, टिक आहे ना? नको असेल त्याने काढावी.”

“कोण काढणार? पेशंट आ करून बसलाय, डॉक्टरांचे हात त्याच्या तोंडात, काउंटरवरची मुलगी एका कानाला फोन लावून नेक्स्ट दाबतेय. ती तुमचं अॅडव्हान्स्ड उघडून बघणार? आणि त्या मशीनवर लोकांचे एक्स-रे आहेत. हा सोबती काय वाचतो, कुठे पाठवतो, माहीत आहे तुम्हाला?”

“करारात आहे सगळं.”

“वाचलात?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

“बरं, मी घालते,” वहिनी म्हणाली. “पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, चौकोन रिकामा ठेवून. हवं असेल त्याने टिक मारावी.”

“मग कोण घेईल, मॅडम?”

इथे वहिनी साहेबांचा आवाज विसरली आणि स्वतःच्या आवाजात ओरडली, “ऐकलंत? त्यांच्याच तोंडाने! विचारलं तर कोणी घेणार नाही, म्हणून विचारायचंच नाही!”

सेटअपवर कंपनीची डिजिटल सही लागते; नसली की विंडोज अनोळखी माणूस दारात असल्यासारखं बोंबलतं. त्या सहीची किल्ली, दिसायला पेनड्राइव्हसारखी, वहिनीच्या ताब्यात असायची. तिने ती टेबलावर ठेवली, शेजारी पासवर्डची चिठ्ठी ठेवली, आणि सांगितलं, “हे माझ्या हातून जाणार नाही. सही तुम्ही करा. कराल त्या दिवशी मी निघाले.”

मला वाटलं, साहेब वरमतील. अठरा वर्षं काम केलेली बाई, कोण सोडतं? साहेबांनी शुक्रवारी दुपारी बाहेरचा एक इंजिनिअर बोलावला आणि त्याच्याकडून सही उमटवून घेतली. सेटअप दवाखान्यांत रवाना झाला, टिकेसकट. चार वाजता वहिनी घरी आली. हातात डबा, पाण्याची बाटली आणि टेबलावरचं छोटं कॅलेंडर.

मला भयंकर राग आला. साहेबांचा आला, त्या जाहिरातवाल्यांचा आला, नेक्स्ट दाबणाऱ्या माझ्या बोटाचा आला. पण माझा राग घरगुती. दोन खोल्या फिरून खुर्चीत येऊन बसणारा. शिवाय दादा कागदावर पुढच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडायला लागला होता. मग मी, आयुष्यभर जमवून घेत आलेला माणूस, नको ते बोललोच.

“वहिनी, राग मानू नकोस, पण शेवटी एवढीशी टिकच होती ना गं? तेवढ्यासाठी अठरा वर्षांची नोकरी सोडायची?”

वहिनीने डबा सिंकमध्ये आपटला.

“एवढीशीच होती, तर काढायला त्यांचा हात मोडला होता का?”