मणक्यातली गॅप

हौसाबाई कुणाच्या शब्दावर सहजी विश्वास ठेवत नसे. घराजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर मासळी घेताना प्रत्येक पापलेटाचा कल्ला ती स्वतः उघडून बघायची, मग विकणारा सख्खा भाऊ का असेना. तीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकताना तिने हाच शिरस्ता पाळला.

२०१२च्या दिवाळीनंतर बर्फाची पाटी उचलताना तिच्या कंबरेत अशी कळ आली की उभंच राहता येईना. लेक भावना दुसऱ्या दिवशी तिला कामोठ्यातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कंबरेला हातही लावला नाही. चिठ्ठी लिहून दिली : आधी एमआरआय.

रिपोर्ट बघून ते म्हणाले, "मावशी, गादी सरकलीय. मणक्यात गॅप आहे. जड उचलणं बंद, नाहीतर ऑपरेशन."

"एका दिसात गादी कशी सरकंल?" हौसाने बाहेर आल्यावर विचारलं.

"आई, फोटोत दिसतंय ना!" भावनाने फिल्म उजेडात धरली.

काळा डाग खरंच दिसत होता. हौसा घरी येऊन आडवी झाली ती महिनाभर. आता तिचा संशय स्वतःच्याच अंगावर वळला. शिंक आली तरी भिंत धरायची. तांब्या उचलायला वाकली तर आत काहीतरी तुटेल, असं वाटायचं. पडून पडून कंबर लाकडासारखी झाली, दुखणं वाढलंच.

शेवटी नणंद गोदूने तिला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं : पडलात का, ताप येतो का, वजन उतरलं का, पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे ना? गुडघ्यांवर हातोडी मारली, टाचांवर चालायला लावलं.

हौसा वैतागली. "फोटो बघा की पयला."

"बघते. पण मावशी, तुमच्या वयाच्या, कंबर कधीच न दुखलेल्या बायकांचा फोटो काढला तरी पुष्कळ जणींच्यात हेच दिसेल. केस पिकतात तशी गादीही झिजते. पहिल्याच दिवशी फोटोची गरज नव्हती. चाला, थोडं थोडं काम सुरू करा."

"आन् पाय लुळा पडला तं?"

"तर त्याच दिवशी या. मग मीच एमआरआय काढायला सांगेन."

बाहेर पडल्यावर हौसा गोदूला म्हणाली, "हिचा तरी काय भरवसा? गरिबाला चाल म्हनायला काय जातंय!"

तरी दुसऱ्या सकाळी ती धक्क्यापर्यंत चालली, पडलीच तर धरायला गोदूला मागे ठेवून. रोज घरी येऊन टाचांवर चालून बघायची, पाय लुळा पडायची वाट बघितल्यासारखी. पाय लुळा पडला नाही. पंधरा दिवसांत वाकता आलं, होळीच्या आधी अर्धी पाटी उचलता आली.

पुन्हा बाजारात बसू लागल्यावर ती मुद्दाम डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ती गॅप गेली का आता?"

"बहुधा तशीच असेल."

"मंग दुखत का नाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "दुखणं फोटोत दिसत नाही, मावशी."

हौसा उठून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "आमी आनखी सा म्हैने बघू, मंग तुमचं खरं मानू."