उलटीकडनं

लॅपटॉपच्या दुकानात मुलीसाठी सगळ्यात महागडा घेऊन मी पावतीची वाट बघत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तसलाच एक उचलला, उलटा केला आणि तळावरून सावकाश अंगठा फिरवला.

"जन्म मागावर चादरी विणण्यात गेला. चादर उलटीकडनंच बघायची, तुटला धागा जोडल्याची गाठ तिथंच हाताला लागते," ते मला म्हणाले. मग विक्रेत्याला विचारलं, "आतलं काय बिघडलं तर?"

"सगळं एकाच बोर्डावर पक्कं बसवलेलं असतं काका. मेमरी गेली तर अख्खा बोर्ड बदलायचा."

"एक धागा तुटला तर अख्खी चादर फेकायची व्हय?"

विक्रेता हसला. मला हसू येईना.

आता मुलगी स्क्रीनचं कौतुक करते, किती हलका आहे म्हणते. ती जेवायला उठली की मी लॅपटॉप उलटा करून अंगठा फिरवतो. अंगठ्याला काहीच लागत नाही, आणि त्याचीच धास्ती वाटते.