हळदीच्या घरून उघडलेलं पोर्ट

हळद लागलेल्या मुलीची चौकशी मी नोकरीत एकदाच केली. आजही ती आठवली की हसू येतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी जळगावात निरीक्षक होतो.

एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. केळीच्या वॅगनींची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम त्यांची माणसं लिहीत होती. सगळा कोड, जुन्या आवृत्त्यांसकट, जळगावच्या एका मशीनवर असे. धुळ्याच्या शाखेतली मंडळी टेलिफोन लाइनवरून त्या मशीनला जोडून काम करत. सोमवारपासून जोडणीच होत नव्हती आणि मशीन सांभाळणारी मुलगी शनिवारी नोकरी सोडून गेली होती.

"तिनेच कोड पळवला, साहेब. चार दिवसांत काम द्यायचंय."

वॉचमनने खबर दिली, ताई जाताना फ्लॉपींचा डबा घेऊन गेल्या. स्टेशन डायरीत नोंद केली, तिचं गाव ज्यांच्या हद्दीत होतं त्या सोनगीरच्या पोलिसांना कळवलं आणि महिला कॉन्स्टेबलला घेऊन मुलीचं गाव गाठलं. दारात मांडव होता. पोलीस पाहून गाणी म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. नवऱ्याकडचे दोन पाहुणेही बसलेले.

"साहेब, मन्ही पोर चोर नही शे," वडील म्हणाले.

मी डबा मागितला. मुलीने तो उघडून समोर ठेवला. आत बांगड्या होत्या.

"रिकामा होता म्हणून आणला," ती म्हणाली. मग तिनेच मला विचारलं, "त्या मशीनसमोर बसून कोड पाहिला का कोणी? आणि सोमवारी तिथे नवीन काय बसवलं?"

यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. हळदीची मुलगी गावाची शीव ओलांडत नाही, म्हणून जळगावला नेण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारी फोन होता, तिथून मालकांना लावला. त्यांनी मशीनसमोर बसून पाहिलं. कोड जसाच्या तसा होता. सोमवारी बाहेरच्या इंजिनिअरने फायरवॉल मात्र बसवली होती.

मुलीने रिसीव्हर घेतला. "सर, त्या फायरवॉलने बाहेरून यायच्या सगळ्या वाटा बंद केल्यात. कोडसाठी चोवीसशे एक नंबरचं पोर्ट लागतं. तेवढं उघडा, तेही फक्त धुळ्याच्या मशीनच्या पत्त्याला. सगळ्यांना उघडलं तर फायरवॉल कशाला बसवली?"

पंधरा मिनिटांत मालकांचा उलट फोन आला. धुळ्याची जोडणी झाली होती. त्यांनी मुलीची माफी मागितली.

"असू द्या सर, लग्नाला या," ती म्हणाली. बायकांनी पुन्हा गाणं धरलं आणि वडिलांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मालक लग्नाला आले, भर मांडवात त्यांनी वडिलांपुढे हात जोडले.

पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी सांगत आलो: चोर शोधण्याआधी वस्तू गेली आहे का, ते पाहा. निघून गेलेल्या माणसावर आळ घेणं फार सोपं असतं. त्या अर्जावर 'गुन्हा घडलेला नाही' असा शेरा मी लिहिला, आणि इतक्या आनंदाने मी दुसरा कुठलाच शेरा लिहिला नाही.