आमच्या पडवीचे दोन खांब

आमच्या भोंगवलीच्या घराला पुढं पडवी काढायचं ठरलं, तेव्हा ह्यांनी एकच हट्ट धरला. खांब ग्रीक पाहिजेत. नसरापूरला नणंदेच्या बंगल्याला तसले खांब आहेत. ते पाहून आल्यापासून ह्यांना जेवण गोड लागेना.

लेक पुण्यात इमारतींचे नकाशे काढायला शिकते. पडवीचा नकाशा तिनंच काढला. तिनं काढलेलं पहिल्यांदाच खरोखर उभं राहणार होतं. कागद माझ्या हातात देत म्हणाली, "आई, अगदी असंच झालं पाहिजे हं. वास्तुशांतीला मैत्रिणींना आणतेय." मी कागद पिठाच्या डब्याखाली जपून ठेवला.

जेवताना तिनं समजावलं. खांब तीन तऱ्हेचे. डोरिक साधा, बसका, अंगावर दागिना नाही. आयोनिकच्या डोक्याला मेंढ्याच्या शिंगांसारखी गुंडाळी. कोरिंथियनच्या डोक्यावर पानांची टोपली. त्या लोकांच्या लेखी पहिला पुरुष, दुसरी बाई आणि तिसरी कोवळी मुलगी. मी मनातल्या मनात माणसं लावत होते. डोरिक म्हणजे आमचे गवंडीमामा. आयोनिक म्हणजे कानावर बटा वळवलेली नणंद. कोरिंथियन म्हणजे लग्नात फेटा बांधलेले हे.

ह्यांना अर्थातच पानांचा हवा होता.

"पप्पा, तो मुलीचा मानतात."

"मग? लेकीनं काढलाय, लेकीचाच बसंल."

लेक पुढं म्हणाली, की खांब जरासा फुगीर ठेवतात, म्हणजे लांबून सरळ दिसतो. ह्यांनी लगेच पोटावरून हात फिरवला. "बघ! आन् तुझी आई उगाच मला भाकरी कमी वाढती."

लांबून पाहिलं तरी सरळ दिसत नाही, असं मला म्हणायचं होतं. म्हणाले नाही. इथं लिहिते, तेवढंच.

वास्तुशांती चार दिवसांवर आली तेव्हा टेम्पोतून पानांच्या टोपल्या आल्या. सिमेंटच्या, दोन दोन फाका. खांबाला दोन्हीकडून लावायच्या आणि सिमेंटनं जोडायच्या. हे नेमके भोरला गेले होते. गवंडीमामांची हयात देवळांचे सभामंडप बांधण्यात गेली. तिथं लाकडी खांब नक्षीच्या दगडावर उभा करतात, तळखड्यावर. नक्षी पायाशी, रुंद बाजू जमिनीला. मामांनी पानं उलटी केली आणि डाव्या खांबाच्या पायाशी बसवून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्यालाही तशीच बसवली. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक! वर कुनाला दिसली असती?"

मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. परत आत जाऊन कागद पाहिला. पानं वरच होती.

गवंडीमामांशी मी कधी बोललेच नव्हते. काय हवं-नको ते ह्यांच्यामार्फत. पण उजव्याचं सिमेंट अजून ओलं होतं, आणि मला लेकीचं "अगदी असंच" ऐकू येत होतं. मी बशीत रिकामा ग्लास पालथा घातला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"वैनी, चा कुठाय?"

"उलट्यात कसा राहील?" मी म्हणाले, आणि कागद पुढं केला.

मामांनी कागद पाहिला, खांब पाहिला, ग्लास पाहिला. "आवं, मग काल का न्हाई बोलला?" असं म्हणून एवढ्या जोरात हसले, की हे चप्पल न घालताच बाहेर आले. उजव्याची पानं निघाली, वर गेली. डावा मात्र कालचा होता. सिमेंटनं घट्ट धरलं होतं.

वास्तुशांतीला लेक मैत्रिणींसह आली आणि फाटकातच थबकली. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाले.

"डावा कुणी बसवला?"

"म्या," मामा म्हणाले. "उजवा बी म्याच. पन तो तुझ्या आईनं सांगितलं म्हनून."

"आई बोलली? तुमच्याशी?"

"लई न्हाई. एकच वाक्य. सांग, डावा फोडतो."

तेवढ्यात नणंदेचे यजमान पुढं आले. दोन्ही खांब न्याहाळत म्हणाले, "ही कुठली पद्धत म्हणायची, मेहुणे?"

ह्यांनी पोट पुढं काढलं. "उजवा ग्रीसचा, डावा भोंगवलीचा. तुमच्याकडं दोन्ही एकाच गावचे."

लेक हसायला लागली. मैत्रिणीही. हसता हसता ती पायरीवरच बसली, तेव्हा कुठं मी ताट खाली ठेवलं. "फोडू नका मामा," ती म्हणाली. "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी एस्टी गाठायच्या आधी तिनं पिठाच्या डब्याखालचा कागद मागितला. डाव्या खांबावरची पानं खोडली आणि पायाशी उलटी काढून दिली. आता सगळं अगदी कागदाप्रमाणे झालं आहे.